हट्टी चकतीची डावी ओढ

हातातून सुटताना ती आधी ऐकू येते, मग दिसते. ताणून धरलेल्या कोऱ्या कोशाच्या रेशमी पदरावरून कुणी नखाचे टोक ओढत न्यावे, तसा एक बारीक, कोरडा सुस्कारा कानाशी उमटतो आणि पुढच्याच क्षणी पौषातल्या उतरत्या उन्हात ती निळी चकती जमिनीला समांतर, मागे वळून न पाहता निघून जाते. धान कापून गेलेल्या बांध्यांचा, भाताच्या खाचरांचा, ओलसर वास, खळ्यावर रचलेल्या तणसाची गोडसर धूळ, उजव्या अंगाला बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, पाण्यावर उतरलेल्या पाखरांचा कलकलाट, आणि या साऱ्यांच्या मधोमध हवेतून सरकणारी एक प्लास्टिकची चकती! साठी ओलांडलेल्या, उभा जन्म मोहाडीच्या शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेल्या बाईने संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा की शेतात उभे राहून चकत्या भिरकावायच्या, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो गावाच्याही मनात आलेला आहे. फरक इतकाच की गाव तो मनात ठेवत नाही.

हे खूळ आमच्या केतकीचे. ती बंगळुरूला नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी तिथल्या मित्रमैत्रिणींबरोबर चकतीचा गोल्फ खेळते. चेंडूच्या जागी चकती, खळग्याच्या जागी साखळ्या लोंबणारी टोपली, आणि कमीत कमी फेकींत चकती टोपलीत घालायची, इतका सरळ तो खेळ. दिवाळीला आली तेव्हा लांब पल्ल्याच्या तीन चकत्या माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "आई, तुझा खांदा आखडला आहे ना, हे फेकत जा." जत्रेत मिळणारी फुगीर उडती ताटली आणि ही चकती यांत म्हैस आणि हरिण इतके अंतर. ही चपटी, हाताला जड, आणि हिची कड दोन बोटे रुंद असून टोकाशी विळ्यासारखी निमुळती होत जाते, म्हणूनच ती हवा कापू शकते. टोपली आमच्याकडे नाही. गावाबाहेरच्या नामदेवभाऊंनी आपल्या खळ्याजवळची पडीत बांधी आम्हाला दिली आहे आणि तिथे मी आणि आमचे हे, दोघे मिळून, टोपलीविना खेळतो.

पण तुमच्यापासून काय लपवायचे? खांदा केव्हाच मोकळा झाला. मी चकत्या फेकते ती माझा डावा डोळा जातो आहे की काय, हे पाहण्यासाठी. नवरात्रात देवीची आरती करताना तबकातले निरांजन डावीकडे गेले की विझल्यासारखे वाटे आणि मधोमध आले की पुन्हा पेटलेले दिसे. तेव्हापासून मनात जी पाल चुकचुकली ती आजवर गप्प बसलेली नाही. माझ्या आईचे दोन्ही डोळे असेच, एका बाजूने काठाकाठाने विझत गेले होते. त्या भीतीला तोंड देण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, म्हणून मी तिला खेळायला शेतात नेले.

खेळाचे सांगते, कारण खेळाशिवाय ही भीती तुम्हाला कळायची नाही. प्रत्येक चकतीच्या पाठीवर चार अंक छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा ती किती तरंगते त्याचा, तिसरा भर वेगात असताना ती उजवीकडे किती कलते त्याचा, आणि चौथा, वेग ओसरल्यावर ती डावीकडे किती ओढली जाते त्याचा. उजव्या हाताने, कमरेतून वळून, ताक घुसळताना दोरी ओढावी तसा हात छातीजवळून ओढून फेकणाऱ्यासाठी हे खरे. डावखुऱ्याचे सारे उलट. माणसांच्या पत्रिकाही अशा चार अंकांत मावल्या असत्या तर लग्ने जुळवणे किती सोपे झाले असते! वेग कमी चालेल, पण शेवटची ओढ कुठल्या बाजूची आहे ते आधी सांगा, असे मुलीच्या बापाने खुशाल विचारावे.

तिघींना मी नावे ठेवली आहेत, आणि मास्तरणीला नावे ठेवण्याची सवय असतेच. निळी ती हट्टी. हिचा तिसरा अंक शून्य आणि चौथा भलामोठा. ही सुटते ती बाणासारखी सरळ, उजवीकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि वेग ओसरला की एकाएकी डावा खांदा पाडून खाली झेपावते. पांढरी ती समंजस. थोडी उजवीकडे कलते, मग भानावर येऊन तितकीच डावीकडे सरते आणि साधारण तुमच्या समोरच उतरते. हिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही, समंजस माणसांविषयी कुठे असते? नारिंगी ती भोळी. हाताचा जोर लागला की उजवीकडे अशी वाहवत जाते की गेली बोडीत असे वाटून जीव टांगणीला लागतो, आणि मग अगदी काठाशी, जणू कुणी हाक मारावी तशी, हळूच परत वळते. तिची वाट लांबलचक नागमोडी असते, आणि माझ्यासारख्या हळू हाताच्या बाईला तीच सर्वांत दूर घेऊन जाते.

हळू हाताचे हे गूढ केतकीने फोनवर उकलून सांगितले. पहिले कित्येक दिवस, हात सुटेपर्यंत, आमच्या तिन्ही चकत्या सारख्याच वागत होत्या. फेकली की डावीकडे धप्प. मी वैतागून म्हटले, अगं, हे अंक खोटे आहेत. ती हसून म्हणाली, "अंक जोरात फेकणाऱ्यासाठी असतात आई. हळू हाताला सगळ्याच हट्टी वाटतात." मी ते वाक्य दोन दिवस चघळत बसले. वय वाढल्यावर सुना, शेजारी, सरकार, गुडघे, सारेच हट्टी वाटू लागतात, त्यामागे आपलाच ओसरलेला वेग नसेल कशावरून?

वाऱ्याचेही एक शास्त्र आहे. वारा पाठीमागून आला तर चकतीला आधार मिळेल असे आपल्याला वाटते, पण पाठीवरच्या वाऱ्यात ती लवकर दमते आणि लवकर डावीकडे पडते. समोरून वारा आला की भोळी पुरती उलटते, कडेवर उभी राहून चाकासारखी गडगडत बोडीकडे धावते. आणि त्याच वाऱ्यात हट्टी मात्र नाकासमोर सरळ, दिमाखात निघून जाते. सुखाच्या दिवसांत जिच्या अडेलपणाला आपण कंटाळतो, तीच संकटात कामी येते. शिवाय वापराने चकतीचा स्वभाव बदलतो. दगडधोंड्यांवर, झाडाच्या खोडावर आपटून आपटून हट्टी चकतीही हळूहळू नरम होते म्हणतात. आमची अजून व्हायची होती.

तर आमच्या बांधीची रचना अशी. समोर सरळ पडीत जागा, तिच्या टोकाला तुरीने भरलेला धुरा, म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. उजवीकडे बोडी. डावीकडे मोहाचे एक झाड आणि नामदेवभाऊंची लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचे पीक. आमच्याकडे धान उभे असतानाच, कापणीच्या आधी, त्याच्या पायांशी लाखोळीचे बी फेकून देतात. धान कापून नेले की खुंटांमधून तिची कोवळी पोरे वर येतात, नांगराचे नाव नको की पाण्याचे. नामदेवभाऊंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "बाई, खेळा बिनधास्त, पण लाखोळीत जाल त पाय पाहून टाका." आणि हट्टी चकती प्रत्येक वेळी नेमकी तिकडेच जायची. माझा डोळाही नेमका तिकडचाच.

मग आमचे भांडण सुरू झाले. आमचे हे आयुष्यभर भूमापन खात्यात होते. साखळी घेऊन शेते मोजता मोजता त्यांच्या डोळ्यांत अशी फूटपट्टी बसली आहे की लग्नाच्या मांडवातही हे खांबांमधले अंतर मनात मोजत असतात. मी हट्टी फेकायची, नजर सरळ रोवून उभी राहायची आणि चकती डावीकडे वळून नाहीशी झाली की म्हणायची, "पडली." हे म्हणायचे, "नाही वो, अजून चालूच आहे ते." मी म्हणायची, "मोहाच्या झाडापाशी पडली जी." हे म्हणायचे, "मोहाच्या किती पुढं गेली! ते पाहा, आता उतरली." जाऊन पाहावे तो चकती खरेच यांच्या जागी. मी म्हणायची, सरपटत गेली असेल. कड टेकवून पडणारी चकती सरपटते, हे केतकीनेच सांगितले आहे. हे मान डोलवायचे, पण पटलेले नसायचे. तो सबंध मार्गशीर्ष आम्ही एका चकतीच्या उड्डाणावरून वाद घालत होतो, आणि वाद चकतीचा नाही हे दोघांपैकी एकालाच ठाऊक होते.

घरी आल्यावर मी मोरीत तोंड धुताना उजवा डोळा तळहाताने झाकून पाहत असे. समोरचा नळ दिसे, वरची खिडकी दिसे, पण डावीकडच्या कोनाड्यातली साबणाची वडी धुक्यात गेलेली असे. डोळा किंचित हलवला की वडी परत येई आणि मी सुटकेचा निःश्वास सोडी. दिवसातून किती वेळा हा खेळ चाले ते मी मोजले नाही. रस्त्याने जाताना डावीकडून येणारी सायकल थेट अंगावर आल्यावरच दिसे. वाचताना ओळीची सुरुवात सापडेना, मग पुस्तकाच्या कडेला बोट ठेवून वाचायला लागले, पहिलीतल्या मुलासारखी. बोलताना कुणी डावीकडे बसले तर मी उठून जागा बदली आणि पंख्याचा वारा लागतो असे सांगे. हिवाळ्यात कुणाच्या घरी पंखा लागतो? पण भ्यालेल्या माणसाला इतके भान कुठून राहणार?

आता आईचे सांगते. आमचे माहेर विणकरांचे. बाबा मागावर बसत आणि आई चरख्यावर कांड्या भरे, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळी. हे काम डोळ्यांचे नव्हेच, बोटांचे. सूत तुटले तर बोटाला कळते, गाठ मारायची ती बोटांनी, कांडी भरली की तिचा फुगीरपणा तळव्याला समजतो. आई स्वयंपाकघरातही त्याच बोटांनी वावरे. कुठल्या डब्यात हळद आणि कुठल्या डब्यात तिखट हे तिला झाकणाच्या स्पर्शावरून कळे. त्यामुळे तिची दृष्टी सरत चालली आहे हे घरात कुणाच्या ध्यानातच आले नाही. हात काम करत होते, आणि आमच्या गल्लीत ज्याचे हात चालतात तो धडधाकट.

एके दिवशी बाबांनी हिरव्या काठाचे लुगडे विणता विणता धोटा थांबवला. काठात मध्येच गर्द किरमिजी पट्टा आला होता. आईने हिरव्या समजून किरमिजी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. बोटांना रंग कुठे कळतो? तेव्हा गल्लीतल्या जाणत्यांनी सांगितले की मोतीबिंदू आहे, घाई करू नका, पिकू द्या, पिकल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. तेव्हा सगळेच तसे समजत. म्हणून आम्ही फळ पिकण्याची वाट पाहावी तशी आईच्या डोळ्यांची वाट पाहत राहिलो. शेवटी डॉक्टरांकडे नेले तेव्हा कळले की तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता, आणि काचबिंदू पिकत नसतो, नुसता खात जातो. आईने नंतरची सारी वर्षे अंधारात कांड्या भरल्या. रंग मात्र आम्ही वेगळे करून द्यायचो.

हे सारे मला ठाऊक होते. उशिराची किंमत माझ्याइतकी कुणाला ठाऊक असेल? तरी मी आज जाऊ, उद्या जाऊ, संक्रांत होऊ दे, केतकी येऊन जाऊ दे, असे करत राहिले. शहाणपण दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, स्वतःच्या डोळ्यांपुढे ते हात जोडून उभे राहते. कधी वाटे, भ्रमच असेल. कधी वाटे, डॉक्टरांनी एकदा नाव घेतले की मग तो रोग आपल्या घरचा होईल. तोवर तो दाराबाहेर उभा आहे, उभा राहू दे. जिल्हा दुभंगून गोंदिया वेगळा झाला तेव्हा यांच्या कचेरीतले अर्धे नकाशे तिकडे गेले. रेघेपलीकडची शेते होती तिथेच होती, तशीच पिकत होती, पण ती मोजायची नाहीत असे यांना सांगण्यात आले. हे पुष्कळ दिवस उदास होते. त्या दिवसांत मी यांना हसत असे. आता माझ्याच दृष्टीतून कुणी अशी रेघ मारत होते आणि रोज ती जराशी आत सरकते आहे असे मला वाटत होते.

मग लाखोळी फुलली. पौषात ती फुलते तेव्हा बांध्यांवर निळा धूर पसरल्यासारखा दिसतो. प्रत्येक फूल नखाएवढे, पण सारी मिळून जमिनीचा रंगच पालटून टाकतात. त्या संध्याकाळी वारा समोरून होता, म्हणजे हट्टीचा दिवस. मी तिन्ही चकत्या ओळीने फेकल्या. भोळी उलटून गडगडत बोडीच्या काठाला जाऊन थांबली, समंजस मध्येच रेंगाळून पडली, आणि हट्टी अशी काही निघाली की यांच्या तोंडून वाहवा निसटली. ती सरळ गेली, गेली, आणि डावीकडे वळून माझ्यापुरती संपली. मी सवयीने म्हटले, "पडली." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच यांनी वाद घातला नाही. मान उंच करून म्हणाले, "कुठं गेली ते? मलेही दिसून नाही राहिली."

निळी चकती निळ्या फुलांत पडली होती. हे धुऱ्यावर चढून पाहू लागले, नामदेवभाऊ खळ्यावरून आले, ते कपाळावर हात धरून पाहू लागले. कुणालाच दिसेना. आणि काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. भूमापकाच्या डोळ्याला दिसत नाही, शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही, आणि मलाही दिसत नाही. कितीतरी दिवसांनी मी चारचौघांसारखी झाले होते. ती चकती कधीच सापडू नये, आम्ही तिघे असेच अंधार पडेपर्यंत न दिसणाऱ्या गोष्टीपुढे बरोबरीने उभे राहावे, असे मला मनापासून वाटले.

"बाई, पाय पाहून," नामदेवभाऊ म्हणाले आणि आम्ही तिघे वाकून, खुंटांच्या ओळींमधून एकेक पाऊल टाकत लाखोळीत शिरलो. ते दोघे डोळ्यांनी शोधत होते. मी जरा वेळ तसेच केले. पण निळ्यात निळे शोधताना डोळा दुखायला लागला आणि नकळत माझे हात खाली गेले. वेलींच्या खाली बोटे घालून मी चाचपू लागले. ओली माती, धानाचा टोकदार खुंट, पुन्हा माती, गोगलगायीचा शंख, आणि मग गुळगुळीत, गार, निमुळती कड. उभी राहिले तेव्हा चकती माझ्या हातात होती. नामदेवभाऊ म्हणाले, "अरे वा, बाईले बरोबर दिसली."

दिसली नव्हती. माझ्या बोटांना ती डोळ्यांच्या आधी सापडली होती, आणि ती बोटे कुणाची आहेत हे मला त्या क्षणी लख्ख कळले. मी तशीच उद्या सूत ओळखीन, डबे ओळखीन, पुस्तकांच्या कडा ओळखीन, घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि हात चालताहेत म्हणून सारे खूश राहतील. नामदेवभाऊ खळ्यावरच्या आपल्या बैलांकडे परत वळले. मी यांना म्हटले, "मले डाव्या डोळ्यानं बाजूचं दिसत नाही जी. नवरात्रापासून."

हे हातातली लाखोळीची डहाळी टाकून माझ्यासमोर आले. मग म्हणाले, "काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त खरं झालं असतं."

यावर ते रागावतील असे मला वाटले होते. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी माझ्या हातातली चकती घेतली, तिच्यावरची माती सदऱ्याला पुसली, आणि म्हणाले, "म्हंजे इतके दिवस मी तुह्याशी वाद घालत होतो, आन् तुले दिसतच नव्हतं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नागपूरला निघालो.

दृष्टीचे क्षेत्र मोजणारे यंत्र असते, हे मला तिथे कळले. यांना ते नावच आवडले. शेताचे मोजतात तसे नजरेचे! हसायचा तो प्रसंग नव्हता, पण दोघेही जरा हसलो. एका डोळ्यावर पट्टी बांधतात, पांढऱ्या घुमटासारख्या भांड्यात तोंड घालून बसवतात, हातात एक बटण देतात. मध्यभागी एक पिवळा ठिपका, त्यावर नजर रोवायची, आणि आजूबाजूला कुठे प्रकाशाचा कण लुकलुकला की बटण दाबायचे. मी आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, पण त्या घुमटात मला परीक्षेची जी भीती वाटली ती शाळेच्या कुठल्याच मुलाने अनुभवली नसेल. कण लुकलुके, मी दाबी. मग बराच वेळ काहीच लुकलुकेना. इतका वेळ रिकामा कसा जाईल, नक्की कुठेतरी लुकलुकले असणार आणि ते माझ्या डावीकडेच असणार, असा हिशेब करून मी अंदाजाने बटण दाबू लागले. वर्गात उत्तर येत नसताना हात वर करणारी मुले मला लगेच ओळखू येत. माझी लबाडीही त्या यंत्रापाशी बसलेल्या मुलीने लगेच ओळखली. ती हळूच म्हणाली, "मावशी, अंदाजानं नका दाबू. दिसलं तरच दाबा. नाही दिसलं त नाही दिसलं, काही होत नाही."

काही होत नाही! इतक्या महिन्यांत मला कुणी हे सांगितले नव्हते, कारण मीच कुणाला सांगू दिले नव्हते. मी अंगठा सैल सोडला. नाही दिसले तेव्हा दाबले नाही. त्या घुमटातला अंधार मी पहिल्यांदाच, पूर्ण, आहे तेवढा पाहिला.

निघाला तो काचबिंदूच. डाव्या डोळ्याचा मोठा तुकडा गेला आहे, उजव्याच्या काठाला नुकती सुरुवात आहे. गेले ते परत येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, फार गोड न करता सांगितले. उरले ते थेंबांनी राखता येईल, जन्मभर, रोज, न चुकता. मी रडले. रडताना मनात आले की हे थेंब आईला मिळाले असते तर तिने किरमिजी रंग आणखी किती वर्षे पाहिला असता! आता रोज सकाळी आणि संध्याकाळी हे माझी पापणी वर धरून थेंब घालतात. साखळी धरताना कधी न चुकलेला त्यांचा नेम तेव्हा चुकतो, आणि पहिला थेंब गालावरच पडतो. भीती गेली असे मी म्हणणार नाही. ती आमच्यातच राहते, सकाळी आमच्याबरोबर उठते; पण आता ती दोघांच्या मध्ये बसते आणि एकटीच्या उरावर बसत नाही.

परवा पुन्हा शेतात गेलो. लाखोळीची फुले गळून शेंगा धरू लागल्या होत्या. हवा अगदी पडलेली, तिन्ही चकत्यांना आपापल्या स्वभावाने वागायला मोकळीक देणारी. भोळी आपली नागमोडी वाट चालून आली, समंजस समोर उतरली. मग मी हट्टी हातात घेतली, कमरेतून वळले आणि सोडली. कानाशी तो सुस्कारा उमटला. ती सरळ गेली, वेग ओसरला, डावा खांदा पडला आणि नेहमीच्या जागी ती माझ्या नजरेतून पुसली गेली. मी नेहमीसारखीच नजर सरळ रोवून उभी होते. किती महिने मी अशी ताठ मानेने उभी होते, स्वतःची परीक्षा घेत, जणू नजर हलवली तर ती कॉपी ठरेल! मागून यांचा आवाज आला, अगदी साधा, मीठ दे म्हणावे तसा.

"मान वळव ना वो."

मी मान वळवली. मोहाच्या झाडाच्या पुढे, धुऱ्यावरच्या तुरीच्याही पुढे, ती अजून हवेत होती.